सतरा नंबरची चुगली

सेप ग्रिमवुडने बावन्न वर्षं आमच्या कॅथेड्रलचे दगड घडवले आणि बसवले, पण एकाही रविवारी तो तिथे प्रार्थनेला बसला नाही. तो चॅपलवाला. बिशप न मानणाऱ्या त्यांच्या पंथाचं नदीपलीकडे पत्र्याच्या छपराचं छोटंसं चॅपल होतं, तिथे तो बहिणीबरोबर जायचा. सहा दिवस बिशपाचं छप्पर सांभाळायचं आणि सातव्या दिवशी देवाला दुसरीकडे जाऊन भेटायचं, यात त्याला काही वावगं वाटत नसे. कुणी टोमणा मारलाच तर म्हणायचा, न्हावी काय स्वतःच्याच खुर्चीत बसून दाढी करून घेतो?

नाव सेप्टिमस, म्हणजे सातवा. आईबापांना नावं सुचायची थांबली तेव्हा त्यांनी मोजायला सुरुवात केली, असं तो स्वतःच सांगायचा. बाप कॅथेड्रलचाच पाथरवट. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि हा बापाच्या शेजारी छिन्नी घेऊन उभा राहिला. मधली चार वर्षं लढाईसाठी फ्रान्सला गेला. तिथे त्याने छप्पर उडालेलं एक कॅथेड्रल पाहिलं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यापुढे तो बोलायचा नाही. परत आला तो दगड घडवायच्या त्याच ओट्यापाशी. लग्न केलं नाही. घर बहीण बघायची, ऑलिव्ह. डब्यात रोज पाव, चीज आणि व्हिनेगरात मुरवलेला एक कांदा. कांद्याच्या वासावरून सेप मनोऱ्याच्या कुठल्या जिन्यात आहे ते आम्हाला कळायचं.

मी तिथे झाडायला लागले १९५८च्या जानेवारीत. नवरा छातीच्या दुखण्याने घरी बसलेला, पदरात तीन पोरं, आणि शिक्षण म्हणाल तर चौदा वर्षांची होईपर्यंत माझं नाव शाळेत होतं, मी मात्र बीटाच्या शेतात. थॉर्नमिन्स्टरसारख्या गावात अशा बाईला दोनच कामं मिळायची, लोणच्याच्या कारखान्यात नाहीतर कॅथेड्रलमध्ये. कॅथेड्रलमध्ये थंडी जास्त, पण वास कमी.

आम्ही सहा जणी होतो. पश्चिमेच्या मोठ्या दारापासून वेदीपर्यंत एकशे नव्वद पावलं, माझी, हातात भरलेली बादली असताना. अलीकडचा अर्धा भाग जुन्या लोकांनी बांधलेला. त्यांचे खांब आमच्या स्वयंपाकघराएवढे जाड, कमानी गोल, आणि गुळगुळीत. दोनशे वर्षांनी जे आले त्यांना गोल कमान जुनाट वाटली. त्यांनी ती टोकदार केली, खांब सडपातळ केले, आणि खिडक्या एवढ्या मोठ्या काढल्या की भिंत फक्त काच धरायला उरली. पाहुणे त्या भागात गेले की मान वर करून गप्प होतात. आम्हा बायकांना विचाराल तर जुन्यांचंच बरं होतं. नव्यांच्या एकेका खांबाला बारा बारा बारीक नळ्या जोडलेल्या दिसतात, सगळ्या दगडातच कोरलेल्या, आणि दर दोन नळ्यांच्या मध्ये धूळ बसते.

गाणाऱ्यांच्या जागेत ओकच्या लाकडाच्या बेचाळीस बैठका आहेत, वर उचलून ठेवता येतात अशा. बैठक उचलली की तिच्या पोटाला हातभर फळी. जुन्या काळी म्हाताऱ्या साधूंना तासन्‌तास उभं राहून प्रार्थना करावी लागायची, तेव्हा ते त्या फळीवर हळूच बूड टेकायचे आणि पुण्य उभं राहिल्याचं घ्यायचे. फळीखाली नक्षी. कोल्हा बदकांना प्रवचन देतोय, बायको नवऱ्याला पळीने बडवतेय, असलं सगळं. ते पुसायचं काम आमच्यातल्या डॉर्कसकडे होतं. ती म्हणायची, चारशे वर्षं मार खातोय बिचारा, निदान त्याचं नाक तरी पुसते.

आणि मधोमध, जिथे इमारतीला दोन्ही बाजूंना हात फुटतात, तिथे चार मोठे खांब आणि त्यांच्यावर मनोरा. मनोरा बांधताना आधी आखला होता त्याच्या दुप्पट चढवला, कारण शेजारच्या बिशपाचा उंच झाला होता. खालचे खांब मात्र आधीच्याच बेताचे. त्यांच्याखाली खडी, आणि खडीखाली दलदलीचा काळा गाळ. चारही खांब मध्यावर किंचित वाकलेले आहेत, पाठीवर बटाट्याचं पोतं घेतलेल्या माणसासारखे. पाहुण्यांना दिसत नाही. आम्हाला दिसतं, कारण आमची शिडी त्यांना सरळ टेकत नाही.

या खांबांना आणि भोवतालच्या भिंतींना तडे होते. काही चारशे वर्षांचे, काही आजोबांच्या काळचे. तडा जुना असला तर भिण्याचं कारण नसतं. तो वाढतोय का, एवढंच बघायचं. त्यासाठी बोटभर रुंद काचेची पट्टी तड्यावर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकांना प्लास्टरच्या गोळ्यांनी पक्की करायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच फुटते. काच ताणली जात नाही, वाकत नाही, तिला खोटं बोलता येत नाही. पाथरवट या पट्ट्यांना चुगल्या म्हणायचे, कारण भिंतीची चुगली त्या करायच्या. आमच्याकडे एकेचाळीस होत्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सेप दिवा घेऊन एकेचाळीसही बघून यायचा आणि वहीत लिहायचा. त्याच्या आधी बाप हेच करायचा.

हे सगळं मी आता सांगतेय. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, सहा जणींपैकी कुणालाच नव्हतं. आम्हाला धूळ कुठे आहे ते सांगायचे, काच कशाला आहे ते नाही.

ईस्टरच्या आधी लेंटच्या, म्हणजे उपवासाच्या, दिवसांत मोठी साफसफाई व्हायची. खांबांच्या वर, छताच्या खाली, भिंतीच्या पोटातून एक अरुंद गल्ली जाते. तिथे मला पाठवलं, कारण सगळ्यांत बारीक मीच होते. वायव्येच्या मोठ्या खांबापाशी एक कोरलेलं दगडी डोकं आहे, दात दुखणाऱ्या बाईचं, गालाला हात लावलेलं. तिचे केस झाडताना माझ्या झाडूचा दांडा मागे गेला आणि कट्‌ असा आवाज झाला. बघते तर भिंतीवर काचेचा तुकडा, मधोमध फुटलेला.

इथे मिस्टर पिनॉक यांच्याविषयी सांगायला हवं. ते मुख्य व्हर्जर. काळा झगा घालून, हातात चांदीची काठी घेऊन पाद्र्यांच्या पुढे चालणं हे त्यांचं काम. उरलेला वेळ ते आमच्या मागे चालायचे. आदल्याच आठवड्यात दिव्याची काच फोडली म्हणून त्यांनी एका बाईला घरी पाठवलं होतं. मला घरी पाठवलं असतं तर घरी काय होतं ते वर सांगितलंच.

काचकामाच्या शेडमागे टाकाऊ पट्ट्यांची पेटी असायची. त्यातली एक मापाची निवडली. घरी नवऱ्याने खिडकीसाठी मळून ठेवलेली पुट्टी होती. दुसऱ्या दिवशी गल्लीत जाऊन फुटलेली काच काढली, प्लास्टरचे जुने गोळे तसेच ठेवले, त्यांच्यावर पुट्टीने नवी काच बसवली आणि पिवळेपणा जावा म्हणून वरून खडू चोळला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

ती सतरा नंबरची चुगली होती.

पुढच्या वर्षी, १९५९च्या एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, सेपला अठरा नंबर फुटलेली दिसली. अठरा त्याच तड्यावर, सतराच्या वर बारा फूट. तो खाली आला, सतरासमोर दिवा धरला. सतरा शाबूत. असं होऊच शकत नव्हतं. एकच तडा वर उघडतो आणि खाली मिटलेला राहतो, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. शिवाय त्या खांबाच्या पोटातल्या जिन्याचं छोटं ओकचं दार महिनाभर चौकटीत अडकत होतं. त्याने लंडनच्या आर्किटेक्टसाहेबांना पत्र लिहिलं. साहेब वर्षातून दोनदाच यायचे, ते मेच्या मध्यावर आले. चांगला माणूस होता, सगळं बघितलं. म्हणाले, यंदा हिवाळा ओला होता, दार फुगलंय. अठरा नंबर एखाद्या कावळ्याने फोडली असेल, वरची जाळी तुटलीच आहे. सतरा शाबूत आहे ना, मग खांब जागच्या जागी आहे.

साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी काचेवर विश्वास ठेवला. काच माझी होती.

सेपला घाई होती त्याची दोन कारणं. चोवीस जूनला तो पासष्टचा होऊन निवृत्त होणार होता; नंतर त्याचं कोण ऐकणार? पण खरं कारण दुसरं होतं. जूनच्या पहिल्या शनिवारी गावोगावच्या गाणाऱ्या मुलांचा उत्सव. दर तीन वर्षांनी यायचा. सहाशे पोरं, पायऱ्या पायऱ्यांच्या लाकडी मंचावर, बरोबर मनोऱ्याखाली, कारण तिथे आवाज चांगला घुमतो. तो उत्सव दुसरीकडे घ्या, असं सेप डीनसाहेबांना, म्हणजे कॅथेड्रलच्या मुख्य पाद्र्यांना, सांगून आला. डीनसाहेबांनी आर्किटेक्टचं पत्र दाखवलं. विषय संपला.

हे मला कसं कळलं, तर आमच्या चहाच्या खोलीत. सेप सहसा तिथे यायचा नाही, त्या दिवशी आला आणि कप हातात धरून उभाच राहिला. पिनॉक दारात होते. म्हणाले, "काय सेप, मनोरा हल्ली तुला पत्रं लिहितो म्हणे? आम्हाला काही निरोप?"

सेप म्हणाला, "तुम्हाला लिहिलं असतं, मिस्टर पिनॉक, पण तुम्ही वर बघतच नाही. काठी खाली पडेल म्हणून."

बायका हसल्या. पिनॉक गेल्यावर सेप आम्हालाच सांगत बसला. त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. चुगल्या म्हणजे काय, सतरा कुठे, अठरा कुठे. दातदुखीवाल्या बाईच्या डोक्याशेजारी, असं तो म्हणाला तेव्हा मला माझ्या झाडूचा दांडा आठवला. "पस्तीस वर्षांत सतराने मला कधी फसवलं नाही," तो म्हणाला. "आता ती शाबूत आहे म्हणतेय आणि माझं मन नाही म्हणतंय. म्हातारपणी माणसाने कुणाचं ऐकावं?"

डॉर्कस म्हणाली, बायकोचं. पण तुम्हाला ती नाही.

दोन दिवस मी काही बोलले नाही. हे सांगायला लाज वाटते पण खरं आहे. पहिल्या दिवशी मनाला सांगितलं, आर्किटेक्ट एवढा शिकलेला, त्याला कळत असेल. दुसऱ्या दिवशी सुतार मंचाच्या फळ्या घेऊन आले आणि मोजायला लागले, एका पायरीवर तीस पोरं, वीस पायऱ्या. माझ्या हातातला झाडू चालेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाथरवटांच्या अंगणात गेले. सेप ओट्यापाशी खिडकीची चौकट घडवत होता.

मी म्हटलं, "मिस्टर ग्रिमवुड, सतरा नंबरची काच तुमची नाही. माझी आहे."

छिन्नी थांबली नाही. "तुझी कशी, पोरी?" मी छत्तीसची होते, पण पन्नाशीखालची प्रत्येक बाई त्याला पोरगीच.

"गेल्या वर्षीच्या लेंटमध्ये माझ्या दांड्याने फुटली. मी दुसरी बसवली."

आता थांबली. "कशाने?"

"पुट्टीने."

"खिडकीच्या?"

"हो. वर खडू चोळला."

"खडू चोळला," तो म्हणाला, आणि हातोडी खाली ठेवली. "तेरा महिने मी दर पहिल्या सोमवारी दिवा घेऊन त्या पुट्टीची विचारपूस करतोय, आणि ती मला सांगतेय, सगळं ठीक आहे सेप, जा घरी."

मी रडायच्या बेतात होते. त्याने तिकडे लक्षच दिलं नाही. "तुला काय वाटलं, काच कशाला लावलीय तिथे?"

"भोक बुजवायला."

"काचेने?"

"तुम्हा लोकांचं काही सांगता येतं का?" मी म्हटलं.

त्याने मला शिव्या दिल्या. चॅपलवाल्याला येतात तेवढ्या. त्यात शेतातल्या जनावरांची नावं जास्त. मग प्लास्टर कालवलं, एक काच घेतली, माझ्या हातात दिवा दिला आणि पुढे चालायला लागला. गल्लीत पोचल्यावर त्याने माझ्या काचेला नख लावलं. एक बाजू पुट्टीसकट अलगद सुटून हातात आली. काच भिंतीपासून केव्हाच सुटली होती. नुसती एका टोकाने लटकत होती, शाबूत. त्याने ती खिशात टाकली. नवी काच प्लास्टरमध्ये बसवली, ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरली, आणि मला सांगितलं की रोज सकाळी येऊन बघायचं. झाडू खाली ठेवून यायचं. आणि काच फुटेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, कारण पुट्टीच्या गोष्टीवर कुणी उत्सव हलवणार नव्हतं. तो स्वतः संध्याकाळी बघणार होता.

आठ दिवस काही नाही. मला वाटायला लागलं की सेपचंच चुकलं, अठरा खरंच कावळ्याने फोडली. मनातून मी त्याच कावळ्याच्या बाजूने होते. नवव्या दिवशी, उत्सवाला चार दिवस उरलेले, मी दिवा तिरका धरला आणि काचेत एक रेघ दिसली. आधी वाटलं माझाच केस. पुसला, गेला नाही.

सेप अंगणातच होता. त्याने विचारलं, "कशी फुटलीय?"

"मधोमध. उभी. केसाएवढी."

"दांडा लागला?"

"झाडूला नऊ दिवस जिना दाखवला नाही मी."

त्याचं खरं झालं होतं. मला वाटलं, आता तो पिनॉकला शोधायला निघेल. तो उलट्या बादलीवर बसला आणि हातावरची दगडाची पूड चोळायला लागला. "चुकलो असतो तर बरं झालं असतं गं," म्हणाला. मग उठला, ॲप्रन सोडलं, तोंड धुतलं आणि डीनसाहेबांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी लंडनहून आर्किटेक्टसाहेब आले, तेही खिशात नव्या काचा घेऊन. त्यांनी आपल्या हाताने आणखी दोन चुगल्या बसवल्या. एक रात्रीतून फुटली. मनोऱ्याखालचा सगळा भाग दोर लावून बंद केला. मंच उचलला. सहाशे पोरं गायली ती गुरांच्या बाजाराच्या शेडखाली, जिथे बुधवारी डुकरं विकतात. गायली मात्र छान. पिनॉक चांदीची काठी घेऊन त्या आवारात पुढे चालले, आणि त्यांना ते फार लागलं.

पुढे गोष्ट अशी झाली की साहेबांनी विचारलं, मेमध्ये सतरा शाबूत कशी होती? सेपने सांगितलं, ती त्याने स्वतःच दोन वर्षांपूर्वी पुट्टीत बसवली होती, प्लास्टर संपलं होतं म्हणून. साहेबांनी ते कागदावर उतरवलं. पाद्र्यांच्या बैठकीत तो कागद वाचला गेला आणि तिथून पिनॉकच्या तोंडी आमच्या चहाच्या खोलीत आला. "बावन्न वर्षांचा कारागीर," पिनॉक म्हणाले, "आणि पुट्टी. निरोपसमारंभात काय बोलायचं या माणसाविषयी?"

 सेपचं नाव म्हणजे आमच्यात दगडावरची रेघ. मी कप ठेवला आणि तशीच डीनसाहेबांच्या घरी गेले.

ते शब्दकोडं सोडवत होते. बसा म्हणाले, पण माझं ॲप्रन ओलं होतं आणि खुर्ची मखमलीची, मी उभीच राहिले. सगळं सांगितलं. दिव्याच्या काचेच्या बाईपासून खडूपर्यंत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मिसेस लार्टर, ती काच कशासाठी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही, साहेब."

"किती जणींना माहीत होतं?"

"कुणालाच नाही. आम्हाला फक्त धुळीचं सांगतात."

त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले की बैठकीचा कागद ते आपल्या हाताने दुरुस्त करतील, आणि उद्या मी नेहमीच्या वेळी कामावर यायचं आहे. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पुट्टी माझी होती हे सांगितलं नाहीस ना?

सेप मात्र भडकला. अंगणाच्या फाटकात मला गाठलं. "डीनसमोर मला खोटारडा ठरवलंस."

"तुम्ही खोटंच बोललात."

"ते माझं खोटं होतं. तुला त्याला हात लावायला कुणी सांगितलं?"

"मी तुमच्या काचेला हात लावला तेव्हा तुम्ही एवढं बोलला नव्हतात."

"काच फुटली तर दुसरी बसवता येते," तो म्हणाला आणि निघून गेला. दहा दिवस माझ्याशी बोलला नाही. जिन्यात समोर आला तर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, जणू मी बिशप आहे आणि तो चॅपलवाला.

तोवर पिनॉकने एकेचाळीस पाट्या रंगवायला दिल्या होत्या, 'हात लावू नये'. सेपने त्या अंगणातून परत पाठवल्या. पाटी पाहुण्यांसाठी असते, म्हणाला. या बायका पाहुण्या आहेत का? मी महिन्यातून एकदा जातो, या रोज जातात. आणि त्याने आम्हा सहाही जणींना दिवा घेऊन वर नेलं. दोन सकाळी लागल्या. जिन्याच्या वळणावर डॉर्कस अडकली तेव्हा सेप खालून म्हणाला, "थांब जरा, खांब सरकतोयच, वाट रुंद होईल." आम्ही छताच्याही वर गेलो. खालून ज्या दगडी फासळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या दिसतात, त्यांची वरची पाठ म्हणजे नुसते ओबडधोबड दगड आणि चुना, आणि त्यांच्यावर सबंध ओकचे वासे, वाशांवर शिसं. मी दीड वर्ष त्याच्या खाली झाडत होते आणि मला वाटायचं ते सगळं हलकं असेल.

प्रत्येक चुगलीपाशी त्याने दाखवलं. दिवा तिरका धरायचा. काचेकडे नाही, आधी प्लास्टरकडे बघायचं. मग नखाने हलकेच टिचकी मारायची. पक्की असेल तर आवाज कोरडा येतो. सतरापाशी पोचल्यावर बाकीच्या पुढे गेल्या होत्या. तो मला म्हणाला, "मी पस्तीस वर्षं नुसतं बघत आलो. टिचकी मारली असती तर तुझी पुट्टी पहिल्याच महिन्यात कळली असती. चूक माझीही आहे. पण हे तुला सांगतोय, डीनला नाही."

मी म्हटलं, नाही सांगणार. एवढ्यावर आमचा अबोला मिटला.

चोवीस जूनला तो निवृत्त झाला. आरामखुर्ची दिली त्याला, भाषणं झाली, पिनॉकसुद्धा बरं बोलले. खांबाखाली काम पुढे चार वर्षं चाललं. गाळापर्यंत भोकं पाडून सिमेंट ओतलं. आर्किटेक्टसाहेब म्हणाले, मनोरा उद्याच पडला असता असं नाही, पण परवाचं ते सांगू शकले नसते. सेप आणखी बारा वर्षं जगला, झोपेतच गेला, आणि त्याचा अंत्यविधी नदीपलीकडच्या चॅपलमध्येच झाला. डीनसाहेब त्या पत्र्याखाली मागच्या बाकावर बसले होते.

पण चुगल्यांच्या वहीचं सांगायचं राहिलं. नवा पाथरवट बाहेरगावचा, तीन दिवस यायचा. त्याच्याऐवजी वही बायकांकडे द्या, त्या वर असतातच, असं सेपने जाता जाता सुचवलं. पिनॉक म्हणाले, झाडूवाल्या आता वही लिहिणार का? डीनसाहेब म्हणाले, हो. आणि ती माझ्याकडे आली. मी सेपला सांगितलं, मला लिहिता येत नाही धड. तो म्हणाला, दोनच शब्द लागतात, शाबूत आणि फुटली. बाकी आकडे.

जुलैचा पहिला सोमवार. मी पहाटे उठून दोन्ही शब्द पोरांच्या पाटीवर गिरवले होते. सकाळी आठला वर गेले, दुपारी एकला उतरले, आणि वही घेऊन तशीच सेपच्या घरी गेले. तो नव्या खुर्चीत न बसता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला होता. ऑलिव्हने चहा ओतला. सेपने चष्मा लावून पान वाचलं, एकेका ओळीखाली बोट फिरवत. एकेचाळीस ओळी. वायव्येच्या खांबावरच्या सतरा आणि अठरापुढे 'फुटली', त्या नव्याने बसवायच्याच होत्या. बाकी सगळ्या शाबूत. अक्षर वाकडं होतं, तरी त्याचं बोट कुठे अडलं नाही.

मग त्याने वहीवरून मान वर केली आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"तेवीस बघितलीस?"

"लिहिलंय ना, शाबूत."

"तेवीस उत्तरेच्या छपराखाली आहे. तिथे बारा फूट चुन्यातून गुडघ्यांवर रांगत जावं लागतं. तुझे मोजे स्वच्छ आहेत, पोरी."

ऑलिव्ह चहाच्या किटलीकडे बघायला लागली. मी म्हटलं, शेवटी शेवटी फार दमले होते, आणि बाकी अडतीस शाबूत असताना एकटी तेवीस कशाला फुटेल?

 सेपने पेन्सिल घेतली, तेविसापुढचा शब्द खोडला आणि वही माझ्याकडे परत सरकवली. ती ओळ मोकळी ठेवून. मग बशीतला पाव माझ्याकडे ढकलला, चीज कापलं, आणि व्हिनेगरातला कांदा घेणार का विचारलं.

मंगळवारी सकाळी कामाच्या आधी मी उत्तरेच्या छपराखाली गेले आणि रांगले. मोजे गेले ते गेलेच. आधी प्लास्टर बघितलं, मग काच, मग टिचकी मारली. आवाज कोरडा आला. तिथेच, पोटावर पडून, दिवा कोपराशी धरून, मी तेविसापुढे शाबूत लिहिलं.